शब्दचर्चा: रोध उणे कसा असेल?

प्रश्न

सेंद्रिय द्रावकात विरघळलेले पदार्थ मेम्ब्रेनने (निवडक पदार्थ पार जाऊ देणाऱ्या पातळ पडद्याने) वेगळे करतात, त्या क्रियेच्या गणिती प्रारूपांवर मराठीत लिहितो आहे. ‘रिजेक्शन’ला ‘रोध’ म्हटले आणि खाली खुलासा दिला, ‘मेम्ब्रेनने अडवलेले द्राव्य, टक्क्यांत’. मग एका तक्त्यात रोध उणे २० टक्के निघाला. उणे २० टक्के अडवले म्हणजे काय केले? शब्द बदलू, की आकडाच चुकला आहे? आणि या सगळ्या क्रियेला ‘गाळणे’ म्हटलेले चालेल ना?

उत्तर

शब्द राहू द्या, खुलासा बदला. पलीकडे आलेल्या द्रवाच्या संहतीला (ठरावीक द्रवात द्राव्य किती, त्या प्रमाणाला) अलीकडच्या द्रवाच्या संहतीने भागायचे आणि तो भागाकार एकातून वजा करायचा, हा रोध. अलीकडे लिटरमागे १० ग्रॅम आणि पलीकडे १ ग्रॅम असेल तर रोध ९० टक्के. पलीकडे १२ ग्रॅम सापडले तर उणे २०. द्रावकाच्या मानाने द्राव्यच जास्त सहज पार झाले, एवढाच त्याचा अर्थ. यात ‘अडवण्या’चा हिशेब कुठेच नाही, दोन संहतींची तुलना आहे.

उत्तर

वरच्याशी सहमत, पण खरी गोची ‘गाळणे’मध्ये आहे. गाळणे म्हटले की डोळ्यांपुढे चाळणी येते: लहान ते खाली, मोठे ते वर. नुसता आकार पाहून निवडणाऱ्या चाळणीला उणे रोध जमणारच नाही.

प्रारूपांचे दोन मुख्य गट आहेत. एकात मेम्ब्रेन सच्छिद्र धरतात, द्रव दाबाने छिद्रांतून वाहतो आणि त्याची श्यानता (दाटपणा) जितकी कमी तितका प्रवाह जास्त. दुसऱ्यात कायमची छिद्रे मानतच नाहीत. रेणू आधी मेम्ब्रेनच्या बहुवारिकात (पॉलिमरमध्ये) विरघळतो, त्यातून विसरणाने, म्हणजे जास्त संहतीकडून कमी संहतीकडे पसरत (हे ‘विसरणे’ नव्हे!) पलीकडच्या बाजूला पोचतो आणि तिथे बाहेर पडतो. खाऱ्या पाण्याच्या उलट्या परासरणासाठी (‘आरओ’साठी) लॉन्सडेल आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली हे प्रारूप मांडले, पुढे ते सेंद्रिय द्रावकांनाही लावले गेले. आता द्राव्याची बहुवारिकाशी द्रावकापेक्षा जास्त गट्टी असेल, तर ते मेम्ब्रेनमध्ये जास्त शिरते आणि पलीकडे त्याची संहती वाढू शकते. तुमचे उणे २० असे येऊ शकतात.

दोन्हींतला फरक दाब वाढवला की दिसतो. विरघळून-विसरण प्रारूपात द्रावकाचा प्रवाह दाबाबरोबर वाढतो, द्राव्याचा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून पलीकडचा द्रव पातळ होत जातो आणि रोध चढतो. छिद्रप्रवाहात दोघे बरोबरीने वाहत जातात, त्यामुळे रोध फारसा हलत नाही. अर्थात एका आलेखावरून निकाल देऊ नये. मेम्ब्रेनच्या तोंडाशी द्राव्य साचले किंवा दाबाने मेम्ब्रेन दबली, तर चित्र गढूळ होते.

‘गाळणे’ शीर्षकात ठेवा हवे तर. प्रारूपांच्या प्रकरणात ‘पारगमन’ बरे, कारण त्यात यंत्रणा आधीच गृहीत धरलेली नाही.

प्रश्न

मग ‘या मेम्ब्रेनचा रोध ९५ टक्के’ अशी वाक्येही काढू का?

उत्तर

काढाच. कोणत्या द्रावकात, कोणत्या द्राव्यासाठी, किती दाबाला आणि तापमानाला, हे नसेल तर ते वाक्य अर्धवट आहे. पाण्यावर काम केलेल्यांना हे पटायला वेळ लागतो. सिलिकॉन रबराची मेम्ब्रेन हेक्सेनमध्ये चांगलीच फुगते, मिथेनॉलमध्ये फार थोडी. फुगली की बहुवारिकाच्या साखळ्यांमधली जागा वाढते, प्रवाह वाढतो आणि बऱ्याचदा रोध घसरतो. एकाच तुकड्याला दोन द्रावकांत दोन वेगळी मेम्ब्रेन समजून मोजावे लागते. एका द्रावकातले गुणांक घेऊन दुसऱ्यातले भाकीत करायला गेलेले प्रारूप तोंडघशी पडते ते याच कारणाने.

‘३०० डाल्टनची मेम्ब्रेन’ (डाल्टन हे रेणुवस्तुमानाचे एकक) हा वाक्प्रचारही तसाच. साधारणपणे ज्या रेणुवस्तुमानाला रोध ९० टक्के येतो, तो हा आकडा. त्याच्या वरचे सगळे अडते आणि खालचे सगळे जाते, असे नाही.

उत्तर

९० टक्क्यांवरून एक भर, कारण वाचकाला हा आकडा भरघोस वाटतो. द्रावणातली अशुद्धी धुवून काढताना जेवढा द्रव पार जातो तेवढाच ताजा द्रावक वरून घालत राहतात. तेव्हा हवा असलेला पदार्थ मागे किती उरेल हे घातांकी सूत्राने निघते: मूळ आकारमानाच्या किती पट द्रावक घातला, त्याला एक उणे रोध याने गुणा, उणे चिन्ह लावा आणि त्याला ई या संख्येचा घातांक करा. १० पट द्रावक घातला आणि रोध ९० टक्के असला, तर उरतो सुमारे ३७ टक्के माल. रोध ९९ टक्के असेल तर सुमारे ९० टक्के. म्हणून रोधाचे आकडे जवळच्या पूर्णांकात देऊ नका. ९९ आणि ९९.९ यांत इथे मोठी तफावत आहे.

मूळ प्रश्नकर्ता

ठीक. ‘रोध’ कायम, व्याख्या संहतींच्या गुणोत्तराची, आणि तक्त्यात द्रावक, दाब, तापमान यांचे स्तंभ वाढवतो. उणे आकड्यांखाली ‘पलीकडे संहती जास्त’ अशी तळटीप देतो.