मदत हवी आहे: मूत्राशयाच्या कर्करोगाचे सीटी आणि जनुकीय डेटा जोडताना कोणती सिरीज (एका स्कॅनमधला प्रतिमांचा एक संच) धरावी?

टीसीजीए-बीएलसीए या मूत्राशयाच्या कर्करोगाच्या जनुकीय डेटासंचातल्या ४१२ ट्यूमरपैकी थोड्याच रुग्णांचं इमेजिंग टीसीआयए या कर्करोग-प्रतिमांच्या संग्रहावर आहे, म्हणून एकही केस वाया घालवायची नाहीये.

जोडणी सोपी आहे: टीसीजीए नमुन्याच्या २८ अक्षरी बारकोडची पहिली १२ अक्षरं डायकॉममधल्या (स्कॅनच्या फाइलमधल्या) पेशंट आयडीशी जुळतात. मात्र कापण्याआधी १४वं-१५वं अक्षर बघून ०१, म्हणजे मूळ गाठ, तेवढीच ठेवायची. नाहीतर आरएनएच्या तक्त्यातली ११, म्हणजे शेजारची निरोगी ऊती, गुपचूप आत शिरते.

घोडं अडलंय सिरीजपाशी. डिलेड फेजमध्ये (कॉन्ट्रास्ट दिल्यावर काही मिनिटांनी घेतलेल्या प्रतिमांत) कॉन्ट्रास्टने भरलेलं मूत्राशय पांढरंफेक दिसतं आणि भिंतीचं टेक्श्चर बिघडतं. पोर्टल व्हीनसमध्ये (त्याआधीच्या फेजमध्ये) मूत्राशय नीट भरलेलं नसेल तर साधी भिंतही गाठीसारखी जाड भासते. सिरीज डिस्क्रिप्शनवर विसंबता येत नाही, केंद्रागणिक लिहिण्याची तऱ्हा वेगळी.

महाधमनी आणि मूत्राशयातले एचयू (सीटीवरच्या घनतेचं एकक) मोजून फेज आपोआप ठरवणारी स्क्रिप्ट कुणी वापरली आहे का? उंबरठा किती ठेवलात? स्कॅन टीयूआरबीटीच्या (मूत्रमार्गातून गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या) आधीचा की नंतरचा, हे कसं ठरवता? डायकॉममधल्या तारखा सरकवलेल्या असतात, त्यामुळे क्लिनिकल फाइलशी थेट ताळा लागत नाही. आणि एका केंद्राचे दोन-तीनच रुग्ण असतील तर कॉम्बॅट (केंद्रांमधला फरक कमी करणारी सांख्यिकी पद्धत) लावावं, की ती केंद्रं वगळावीत?