जुन्या गाडीसाठी ई-१० पेट्रोल मागता येतं का? पंपवाला देत नाही

अमळनेरी_बाईकवाला:
नमस्कार मंडळी, माझी २०१३ ची १२५ सीसी बाईक आहे, कार्बोरेटरवाली, अमळनेर-धुळे जाणंयेणं असतं. पहिले लिटरला ५५ च्या आसपास पडायचं, आता २० टक्के इथेनॉलवालं (ई-२०) आल्यापासून ५० ला पण रडते, आणि थंडीत चोक ओढल्याशिवाय चालूच होत नाही. पंपावर म्हटलं भाऊ बिनइथेनॉलचं नसेल तर निदान ते पहिलेवालं १० टक्क्याचं (ई-१०) द्या, तर तो पोरगा असा पाहायला लागला जशी मी त्याची किडनी मागितली. गिऱ्हाइकाला असं मागायचा हक्क आहे का? आणि ते इथेनॉल पंपवाला टाकतो की वरूनच येतं?

पंपावरचा_माणूस:
पंपावर काहीच मिसळत नाही भो, ते डोक्यातून काढा. डेपोत टँकर भरतानाच इथेनॉल पडतं. आपल्याकडचा बराच माल मनमाडजवळच्या पानेवाडीहून येतो, आणि गंमत म्हणजे २००१ मध्ये देशात पहिला प्रयोग झाला तोच मिरज, मनमाड आणि यूपीतलं आंवला इथे. म्हणजे सुरुवात आपल्याच दारातून झाली. आम्ही पेट्रोल मागवतो, जे येतं ते विकतो, ई-१० ची वेगळी टाकीच नाही तर देणार कुठून.
ते व्हिडिओ फिरतात ना, पेट्रोलमध्ये पाणी ओतलं आणि खाली एवढं मोठं पाणी निघालं, त्यावर पण भांडणं होतात. मापाच्या नळीत ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी टाकून हलवा, खालचा थर २८ मिलीच्या आसपास जातो (१० पाणी आणि १८ इथेनॉल) कारण इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. ती भेसळ नाही, ते तर २० टक्के असल्याचा पुरावा झाला. खरी भीती पावसाळ्यात, जमिनीतल्या टाकीत पाणी शिरलं की इथेनॉल ते ओढून घेतं आणि एका हद्दीनंतर दोघं मिळून तळाला बसतात, म्हणून आम्ही मापाच्या दांडीला पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट लावून टाकी बघतो. तुम्ही डेन्सिटी विचारा, फिल्टर पेपर मागा, ५ लिटरच्या मापाने मोजून मागा, ते द्यावंच लागतं. पण इथेनॉल किती आहे ते फिल्टर पेपरवर कळत नाही.

कायदेपंडित_जळगाव:
हक्काचं विचाराल तर आज तरी नाही. २००३ ला ५ टक्क्याने सुरू झालं, जून २०२२ ला १० झाले, २० चं टार्गेट २०३० होतं ते सरकारने २०२५-२६ वर ओढलं, विक्री फेब्रुवारी २०२३ पासून. बिनइथेनॉलचा पर्याय ठेवा आणि पंपावर टक्का लिहा अशी याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती, १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली.
मला राग याचा येतो की नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय, जुन्या गाड्यांसाठी ई-१० चालू ठेवा म्हणून, आणि मायलेज कमी होतं त्याच्या भरपाईला टॅक्समध्ये सूट द्या म्हणून. जुन्या टूव्हीलरला ३-४ टक्के आणि फोरव्हीलरला ६-७ टक्के घट पण त्यांनीच लिहिली. त्यातलं मिसळायचं तेवढं घेतलं, बाकी फाईलीत. इथेनॉलमुळे पेट्रोलचा भाव एक रुपया तरी उतरला का?

मकावाला_जामनेर:
तुमनं बरोबर शे भाऊ, पण आमचं पण ऐका. इथेनॉलमुळे मक्याला मागणी आली, कपाशी कमी करून मका लावणारे इथे गल्लोगल्ली सापडतील. २०२४-२५ ला मक्याच्या इथेनॉलला तेल कंपन्या लिटरला ७१.८६ रुपये देत होत्या, ते ऊसाच्या रसाच्या इथेनॉलपेक्षा पण जास्त. पण २०२५-२६ ला हमीभाव क्विंटलला २४०० असताना ओला मका घेऊन मार्केटला गेलो तर व्यापारी कितीला मागायचा ते विचारू नका. डिस्टिलरीचा दर सरकारने बांधला, आमचा कागदावर राहिला.

गॅरेजवाला_धुळे:
५५ चे ५० म्हणजे ९ टक्के, तेवढं सगळं इथेनॉलचं नाही हो. एअर फिल्टर, चेन, टायरमधली हवा पहिले बघा. मग कार्बोरेटरच्या बाऊलचा खालचा स्क्रू काढून काचेच्या ग्लासात पेट्रोल घ्या, तळाला पाण्यासारखा थर किंवा पांढरट चिकट काही दिसलं तर बाऊल साफ करून घ्या. जुनी रबर रिंग फुगून बसते, ती बदला, फार खर्च नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो म्हणून मिक्स्चर पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, एअर स्क्रू नीट लावला की सकाळचा त्रास बराच जातो. आणि गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर जुनं पेट्रोल काढून घ्या.

अमळनेरी_बाईकवाला:
धन्यवाद दादा, रविवारी बाऊल खोलतो. नवापूरचा साडू म्हणतो गुजरातेत जाऊन भर, तिथलं चांगलं येतं. खरं का?

पंपावरचा_माणूस:
तिथे पण ई-२० च आहे. स्वस्त पडतं ते टॅक्समुळे. साडूला सांगा जाण्यायेण्याचं पेट्रोल पण हिशोबात धर.