वरुडमधील व्हिडिओ गेमचे दुकान टिकवायचे असेल तर काय करावे?

संत्रापट्टा :
नमस्कार. वरुडच्या बाजारपेठेत आमचे व्हिडिओ गेमचे छोटे दुकान आहे. बाबांनी ते प्लेस्टेशन २ च्या भरभराटीच्या काळात सुरू केले आणि आता मी सांभाळतो. संत्र्याच्या आंबिया बहाराच्या बगिच्यांचे सौदे होऊन लोकांच्या हाती पैसा आला की काही कन्सोल (टीव्हीला जोडायची प्लेस्टेशनसारखी खेळयंत्रे) विकले जातात. एरवी वर्षभर चार्जर, हेडफोन आणि मोबाइलची कव्हरे यांवरच भाडे निघते. नव्या गेमची डिस्क चार-पाच हजारांच्या घरात जाते, तीच ऑनलाइन माझ्या खरेदीदरापेक्षाही स्वस्त मिळते आणि शाळकरी मुलांना मोबाइलवर बीजीएमआयसारखा गोळीबाराचा खेळ फुकट खेळता येतो. कर्ज काढून अर्ध्या दुकानात तासाच्या दराने खेळण्याचे केंद्र काढावे, असा विचार आहे. जाणकारांनी स्पष्ट मत द्यावे.

जुनी डिस्क :
भाऊ, कर्जाचा विचार करण्याआधी या धंद्यात नफा कोठून येत होता ते पाहावे. नवा कन्सोल किंवा नवी डिस्क विकून दुकानदाराच्या पदरात फारसे कधीच पडले नाही. खरा नफा होता तो ग्राहकाकडून जुनी डिस्क कमी भावात घेऊन दुसऱ्याला विकण्यात, आणि अमेरिकेतील गेमस्टॉप व ब्रिटनमधील ‘गेम’ या दुकानांच्या मोठ्या साखळ्या मुख्यतः त्यावर पोसल्या गेल्या. पुढे खेळ थेट डाउनलोड होऊ लागले, डिस्क ड्राइव्ह नसलेले कन्सोल आले आणि हा झरा आटत गेला. ब्रिटनमधील साखळी २०१२ मध्ये कर्जबाजारी होऊन प्रशासकांच्या हाती गेली, २०१९ मध्ये स्पोर्ट्स डायरेक्टच्या मालकांनी ती विकत घेतली आणि २०२४ मध्ये तिने जुने खेळ घेणेच बंद केले.

तरीही आपल्याकडे जुन्या डिस्कचा व्यवहार संपलेला नाही, कारण पाच हजारांचा खेळ संपवल्यावर तो विकून निम्मे पैसे सोडवावेत, असे येथील बहुतेक पालकांना वाटते. फक्त रोख देऊन माल भरू नका. ग्राहकाची डिस्क नोंद करून दुकानात ठेवावी आणि ती विकली गेल्यावर ठरलेली दलाली कापून त्याला पैसे द्यावेत. म्हणजे भांडवल अडकणार नाही आणि भाव पडल्याचा तोटाही तुमच्या अंगावर येणार नाही.

हिंगणघाटकर :
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र तुमच्या जागी मी दुरुस्तीला पहिले स्थान दिले असते. आमच्याकडे जिनिंगच्या हंगामात कापसाची तूस आणि धूळ हवेत इतकी असते की प्लेस्टेशन ४ चा पंखा विमानासारखा आवाज करू लागतो. तो उघडून स्वच्छ करणे व थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलणे हे शिकण्याजोगे काम आहे. हातातल्या कंट्रोलरची काडी न हलवताच पडद्यावरचा खेळाडू आपोआप सरकू लागतो, ही तक्रार तर सर्वांत जास्त येते. त्यावर काडीचा जुना भाग काढून नवा सोल्डर करावा लागतो. हॉल इफेक्टचा (चुंबकाने हालचाल ओळखणारा) भाग बसवला तर त्याचा संवेदक घासून झिजत नाही, परंतु बसवल्यानंतर कॅलिब्रेशन (काडीचा मध्य नीट जुळवणे) करावेच लागते. सुटा भाग स्वस्त असतो आणि नवा कंट्रोलर घ्यायला ग्राहकाला काही हजार रुपये मोजावे लागतात, म्हणून तो दुरुस्तीची मजुरी कुरकुर न करता देतो.

दोन ठिकाणी सावध राहावे. प्लेस्टेशन ५ मध्ये पेस्टऐवजी द्रवरूप धातू असतो. तो वीजवाहक असल्यामुळे थेंबभर सांडला तरी बोर्ड जळू शकतो, तेव्हा हात बसेपर्यंत ते काम नागपूरला पाठवलेले बरे. तसेच जुना कन्सोल विकत घेताना त्यावर एखादी डिस्क प्रत्यक्ष चालवून बघावी, कारण अनेक कन्सोलमध्ये मूळ ड्राइव्हचा बोर्ड फक्त त्याच मशीनच्या मुख्य बोर्डाला ओळखतो आणि दुसऱ्या मशीनचा बसवला तर खेळाच्या डिस्क चालत नाहीत.

दुपारचे भारनियमन :
खेळण्याचे केंद्र काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कूलरची दमट हवा कन्सोलला मानवत नाही, एसी लावला तर व्यावसायिक मीटरचे बिल परवडत नाही, आणि वीज गेली की तासाचे पैसे परत मागणारी मुले समोर उभी राहतात. पुन्हा परीक्षेच्या दिवसांत पालकांचा रोष वेगळाच. डिस्क भाड्याने देण्याचाही कोणी सल्ला देईल, पण स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १४ नुसार संगणक प्रोग्रामची (खेळ हाही त्यातच मोडतो) प्रत व्यापारी भाड्याने देण्याचा हक्क मूळ हक्कधारकाकडे असतो, त्यामुळे परवानगीशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

संत्रापट्टा :
सर्वांचे आभार. केंद्राचा विचार मी तूर्त बाजूला ठेवतो. दुकानात फायबर इंटरनेटची जोडणी आहे आणि रात्रभर ती नुसती पडून असते. आसपासच्या खेड्यांतील ग्राहकांकडे मोबाइलचा रोजचा दीड-दोन जीबी डेटा असतो, त्यात खेळाचा एक मोठा अपडेटही उतरत नाही. याचा काही उपयोग होईल का?

जुनी डिस्क :
हेच तुमचे सर्वांत मोठे भांडवल आहे आणि ते आधी का सांगितले नाही, याचे आश्चर्य वाटते. आजकाल डिस्क विकत घेतली तरी मोठा अपडेट उतरवल्याशिवाय अनेक खेळ नीट चालत नाहीत, आणि मोठा खेळ शंभर जीबीच्याही वर जाऊ शकतो. मोर्शीकडचा किंवा जरूडचा ग्राहक आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी कन्सोल तुमच्याकडे ठेवील, रात्रभरात तुमच्या जोडणीवर त्याचे खेळ व अपडेट पैसे घेऊन उतरवून द्यावेत, आणि तो दुसऱ्या दिवशी बाजार करून परत नेईल. त्याच वेळी पंखा साफ करायचा का, हे विचारावे. म्हणजे दुरुस्तीचे गिऱ्हाईक शोधत हिंडावे लागणार नाही. जोडणी घरगुती प्लॅनची असेल तर व्यवसायासाठी वापरता येईल का आणि महिन्याची डेटा मर्यादा किती आहे, हे कंपनीकडे आधी विचारून घ्यावे. पासवर्ड कधीही लिहून घेऊ नये, ग्राहकाने स्वतःच लॉगिन करावे. कन्सोलचा अनुक्रमांक, सोबत दिलेल्या वायरी आणि आधीचे ओरखडे पावतीवर नोंदवून त्याची सही घ्यावी, आणि रात्री वीज आली-गेली तरी मशीन सुरक्षित राहील असा चांगला यूपीएस पहिल्या कमाईतून घ्यावा.