मदत हवी आहे: चिपचं पात्र कुरकुरीत न वाटता रबरासारखं वाटतंय

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये चिप्सच्या जाहिरातीसाठी मॅस्कॉटचं रिग (पात्र हलवण्याचा सांगाडा) चालू आहे, २० सेकंद, २५ फ्रेम प्रति सेकंद. उडी मारून टेकताना उंची ०.८ पट केली की घनफळ टिकवायला रुंदी आणि जाडी प्रत्येकी सुमारे १.१२ होते. गणित बरोबर, पण चिप लिबलिबीत दिसते! हातपाय लवचीक चालतील, ते काही बटाट्याचे नाहीत.

मिठाचे कण टेक्स्चरमध्येच (पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रातच) रंगवल्यामुळे तेही ताणले जातात. ते वेगळे करून पृष्ठभागाला चिकटवावेत, की स्क्वॉश (टेकतानाचं चपटं होणं) २-३ फ्रेमपुरताच ठेवून अंग ताठ ठेवावं? शिवाय ‘ओ’ म्हणताना ओठांजवळची चिपची लाट सपाट होते. तिथे करेक्टिव्ह ‘शेप की’ (बिघडलेला आकार दुरुस्त करणारा साठवलेला आकार) पुरेल, की तोंडाभोवती एज लूप (जाळीतल्या कडांची वलयं) वाढवावे लागतील?