मदत हवी आहे: पीसीवरून रिसीव्हरला खरा ५.१ आवाज पोचत नाही (कोडी, टीव्हीचं ऑप्टिकल, डीटीएस)

नमस्कार मंडळी,

सिनेमातलं बोलणं आमच्या आप्पांना कळत नाही. ते कळावं एवढ्यासाठी महिनाभर या जोडाजोडीत अडकलोय. कारण आधी सांगतो, नाहीतर पहिलाच सल्ला "चांगला साउंडबार घ्या" असा येईल.

आप्पांनी इथं सोलापुरात, पूर्व भागातल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं माग चालवले. चादरीचे माग. मी लहानपणी डबा द्यायला जायचो. आत एकमेकांशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागायचं, आणि बाहेर रस्त्यावर आलो तरी कानात खडखड चालूच असायची. आता डॉक्टरांनी ऑडिओग्राम काढून दाखवला. खालचे सूर बऱ्यापैकी शाबूत आहेत, पण ४००० हर्ट्‌झच्या आसपास आलेख एकदम खाली जातो. सतत मोठ्या आवाजात राहिलेल्या कानाचं असंच होतं म्हणाले. त्यामुळं 'आ', 'ओ' ऐकू येतात. 'स', 'श', 'च', 'त' गळून जातात. टीव्हीचा आवाज वाढवला की ढोलताशे अंगावर येतात आणि बोलणं होतं तेवढंच पुसट राहतं. मग दर दोन मिनिटांनी आप्पा आईला विचारतात, "काय म्हणाला तो?" हळूहळू विचारणंही बंद झालं. नुसते बसून असतात.

५.१ मध्ये (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा, प्रत्येकाचा आवाज वेगळा) बहुतेक संवाद मधल्या स्पीकरवर, म्हणजे सेंटरवर असतात. तो स्पीकर वेगळा चालला, तर तेवढाच वाढवता येईल. माझी सगळी धडपड त्यासाठी आहे.

घरातलं सामान असं: मित्राकडून घेतलेला जुना ५.१ रिसीव्हर (आवाज घेऊन स्पीकरना वाटून देणारा). डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस (सहा चॅनलचा आवाज आखडून बांधायच्या दोन पद्धती) दोन्ही उलगडतो, पण त्याला एचडीएमआय नाही, फक्त डिजिटल आवाजाच्या वायरींच्या जागा, ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्सिअल. एक मिनी पीसी, विंडोज १० आणि कोडी (सिनेमे चालवायचं सॉफ्टवेअर). त्याला उलट ऑप्टिकल नाही, फक्त एचडीएमआय. म्हणून पीसीतून एचडीएमआयनं टीव्हीला आणि टीव्हीच्या ऑप्टिकलमधून रिसीव्हरला, असं जोडलंय. टीव्ही ४३ इंची आहे.

आवाज पाचही स्पीकरमधून येतो. पण रिसीव्हरच्या पट्टीवर कायम 'पीएल २' दिसतं, आणि सेंटर वाढवला की बोलण्याबरोबर संगीतही वाढतं. विंडोजमध्ये स्पीकर कॉन्फिगर करायला गेलं तर 'स्टिरिओ' सोडून दुसरा पर्यायच नाही. कोडीत पासथ्रू चालू केलंय. केबल बदलून पाहिली. काय चुकतंय?

प्रतिसाद (सांगली)

दादा, 'पीएल २' म्हणजे प्रो लॉजिक २. रिसीव्हरला दोनच चॅनल मिळताहेत आणि तो अंदाजानं ते पाच स्पीकरवर पसरवतोय. डाव्या-उजव्या दोन्हीत जे सारखं असेल ते तो सेंटरला ढकलतो, म्हणून बोलण्याबरोबर संगीतही तिथं येतं. पाचही स्पीकर वाजले म्हणजे ५.१ आलं, असं धरू नका. पट्टीवर 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'डीटीएस' उमटलं तरच खरं.

विंडोज स्टिरिओ दाखवतं त्याची काळजी नको. टीव्ही पीसीला सांगतो की माझ्याकडं दोनच स्पीकर आहेत, आणि ते खरंच आहे. तो पर्याय न उलगडलेल्या आवाजासाठी नसतोच. ऑप्टिकलमधून पीसीएम, म्हणजे सुटा, न बांधलेला आवाज दोनच चॅनलचा जातो. हिशेब करा: ४८ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, सहा चॅनल म्हणजे सेकंदाला ४६०८ किलोबिट झाले. डॉल्बी डिजिटल तेच सहा चॅनल जास्तीत जास्त ६४० किलोबिटमध्ये बांधून देतं. म्हणून ते गाठोडं न सोडता रिसीव्हरपर्यंत पोचवायचं, त्याचंच नाव पासथ्रू.

तीन गोष्टी बघा. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' असेल तर 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम' करा. पीसीएमवर असला की टीव्ही गाठोडं स्वतःच सोडतो आणि पुढं स्टिरिओ पाठवतो. दुसरं, कोडीच्या सेटिंगची पातळी 'एक्स्पर्ट' करा आणि पासथ्रूचं डिव्हाइस 'वासापी'चं निवडा (वासापी आणि डायरेक्टसाउंड या विंडोजमधून आवाज पाठवायच्या दोन वाटा). डायरेक्टसाउंडवर पासथ्रूची खात्री नसते. तिसरं, विंडोजच्या साउंडमध्ये त्या टीव्हीच्या प्रॉपर्टीजमध्ये 'सपोर्टेड फॉरमॅट्स' टॅब आहे. तिथं कोणकोणती नावं दिसतात ते इथं लिहा.

धागाकर्ता

काका, मनापासून आभार. टीव्ही पीसीएमवरच होता, 'ऑटो' केला. कोडीत डायरेक्टसाउंड होतं, वासापी केलं. सपोर्टेड फॉरमॅट्समध्ये फक्त 'डॉल्बी डिजिटल' आहे, डीटीएसचं नाव नाही. डॉल्बीसमोरचं टेस्टचं बटण दाबलं तर रिसीव्हरवर 'डॉल्बी डिजिटल' आलं! अंगावर काटा आला खरंच. पण कोडीत सिनेमा लावला की परत 'पीएल २'.

प्रतिसाद (पुणे)

टेस्टला आलं म्हणजे वायर, टीव्ही, रिसीव्हर तिन्ही ठीक. आता प्रश्न कोडीपुरता उरला. प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले' चालू आहे का? चित्राची लय पडद्याशी जुळवताना आवाजालाही किंचित ताणावं-आखडावं लागतं, आणि बांधलेल्या गाठोड्याला हात लावता येत नाही. म्हणून ते चालू असलं की पासथ्रू होत नाही. ते बंद करून त्याऐवजी 'अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' वापरा. शिवाय विंडोजमध्ये त्या डिव्हाइसच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबवर एक्स्क्लुझिव्ह मोडच्या दोन्ही खुणा हव्यात आणि 'स्पेशियल साउंड' (आवाज चहूबाजूंनी आल्याचा भास देणारी सोय) बंद हवा.

धागाकर्ता

तेच होतं! चित्र अडखळतं म्हणून कधीतरी मीच सिंक चालू केलं होतं. बंद केल्याबरोबर 'डॉल्बी डिजिटल' आलं.

आता उरलेली अडचण. ज्या फायलींत डीटीएस आहे त्यांना आवाजच नाही, चित्र नुसतं मुकं चालतं. आणि काही फायली, माहितीत एएसी ५.१ (आवाज बांधायची आणखी एक पद्धत) दिसतं त्या, परत 'पीएल २' वर जातात. आप्पांच्या आवडीचे जुने तेलुगू सिनेमे नेमके यातच आहेत. कारखान्यात सोबतचे बहुतेक जण तेलुगू बोलणारे, त्यामुळं आप्पांना भाषा चांगली येते, तरी शब्द ऐकू आले पाहिजेत ना.

प्रतिसाद (नाशिक)

एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर घ्या. पीसी आणि टीव्हीच्या मध्ये बसतो, आवाज आधीच ऑप्टिकलवर काढून घेतो, टीव्हीचा संबंधच राहत नाही. डीटीएसही जाईल. घेताना त्यावर ५.१ निवडायची कळ आहे ना ते बघा, नाहीतर तो पण पीसीला "दोनच चॅनल" सांगत बसेल.

प्रतिसाद (सांगली)

एक्स्ट्रॅक्टरनं डीटीएस सुटेल, एएसीचं काय? एएसी ५.१ रिसीव्हरला कळणारच नाही, कोडी तो उलगडून स्टिरिओच देणार. खर्चाआधी हे करा.

तुमचा टीव्ही डीटीएस घेत नाही, यादीत नाव नाही ते त्यासाठीच. कोडीला मात्र तुम्ही रिसीव्हर डीटीएसचा आहे असं सांगून ठेवलंय, म्हणून तो पाठवतो आणि टीव्ही गिळतो. 'डीटीएस कॅपेबल रिसीव्हर'ची खूण काढा. ई-एसी३, ट्रूएचडी, डीटीएस-एचडी या डॉल्बी-डीटीएसच्या पुढच्या प्रकारांच्याही काढा. ऑप्टिकलवरून ते जात नाहीत. फक्त 'डॉल्बी डिजिटल एसी३' ठेवा.

मग 'नंबर ऑफ चॅनल्स' २.० करा. ५.१ हवं असताना २.० कसं, असं वाटेल, पण तो आकडा सुट्या पीसीएमचा आहे आणि तुमच्या वाटेवर पीसीएम दोनच चॅनल जातो. २.० केल्यावरच 'डॉल्बी डिजिटल ट्रान्सकोडिंग' हा पर्याय खुला होतो. तो चालू केला की डीटीएस असो वा एएसी, कोडी आधी उलगडेल, सहाही चॅनल परत एसी३ मध्ये बांधेल आणि पाठवेल. दोनदा बांधल्यानं थोडा बारकावा जातो. आप्पांच्या कामाला त्यानं काही फरक पडणार नाही.

सेंटर थेट कमाल करू नका. ३ डेसिबलनं सुरुवात करा, चार दिवस ऐकू द्या, मग एकेक डेसिबल. रिसीव्हरवर 'मिडनाइट' मोड असेल तर तोही लावून बघा, मोठे आवाज दाबून लहान वर आणतो. मूळ डॉल्बी ट्रॅकमध्ये त्याच्या सूचना भरलेल्या असतात. कोडीनं बांधलेल्यात त्याची अपेक्षा ठेवू नका, तिथं सेंटरवरच भागवावं लागेल. आणि स्पीकर टीव्हीखाली कपाटात कोंबलेला असेल तर बाहेर काढा, तोंड आप्पांच्या कानाकडं करा. वरचे सूर सरळ रेषेत जातात, गुडघ्याकडं तोंड असलेला सेंटर 'स' आणि 'श' गुडघ्यालाच ऐकवतो.

धागाकर्ता

झालं. डीटीएस, एएसी सगळं 'डॉल्बी डिजिटल' दाखवतंय. सेंटर खरंच कपाटात, दाराच्या आड होता. बाहेर काढून खाली दोन पाट लावून तोंड वर केलं. आत्ता ५ डेसिबलवर आहे.

दोन बारीक गोष्टी राहिल्यात. सिनेमा थांबवून परत चालू केला की पहिला शब्द तुटतो. आणि काल लाईट गेली, आल्यावर परत 'पीएल २'.

प्रतिसाद (सोलापूर, होटगी रोड)

मी पण सोलापूरचाच की ओ. पहिला शब्द तुटतो कारण आवाज थांबला की रिसीव्हर मोकळा होतो, नवीन गाठोडं ओळखायला त्याला क्षणभर लागतो. कोडीत 'कीप ऑडिओ डिव्हाइस अलाइव्ह' ला 'ऑलवेज' करा.

लाईटचं म्हणाल तर आपल्याकडं उन्हाळ्यात हे रोजचंच. पीसी आपोआप चालू होतो, टीव्ही मात्र स्टँडबायवर राहतो. मग विंडोजला एचडीएमआयचा आवाज सापडत नाही आणि कोडी दुसरं डिव्हाइस धरतो. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) लाईट आल्यावर आपोआप चालू होणं बंद करा. आधी टीव्ही, मग रिसीव्हर, शेवटी पीसी. माझ्याकडं बोर्डावर याच क्रमानं १, २, ३ च्या चिठ्ठ्या लावल्यात, घरात कुणीही लावतं.

धागाकर्ता

दोन्ही केलं, दोन्ही जमलं. चिठ्ठ्या मोठ्या अक्षरात लिहून लावल्या.

काल रात्री आप्पांनी पूर्ण सिनेमा पाहिला. मध्यंतराच्या सुमारास आई स्वयंपाकघरातून बाहेर आली तर आप्पाच तिला सांगत होते, कोण कुणाला काय म्हणालं ते. सांगलीचे काका, पुणे, नाशिक, होटगी रोडवाले, तुमच्या सगळ्यांचे उपकार आहेत. धागा उघडाच ठेवतो. ऑप्टिकलवर डीटीएस मुकं राहतंय अशा कुणाला अडचण आली तर वरच्या खुणा तशाच्या तशा लावून बघा, आणि अडलं तर इथंच विचारा, मी बघत असतो.