विषय: महाप्रसादाचे तूप – बटर बिनमिठाचे की खारे?

प्रेषक: कोषाध्यक्ष

ऑकलंडमधील आपल्या मंडळाच्या सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार.
शनिवारी बटरची मागणी नोंदवायची असल्याने हा प्रश्न आजच निकाली काढावा, ही विनंती. स्वयंपाक समितीच्या काकूंच्या मापाप्रमाणे अडीचशे पानांना सव्वासहा किलो तूप लागते: पाच किलो शिऱ्याला आणि सव्वा किलो वरण-भातावर. एक किलो बटर कढवल्यावर साधारण आठशे ग्रॅम तूप निघते, म्हणजे अर्ध्या किलोच्या सोळा वड्या झाल्या. न्यूझीलंडच्या जून २०२५च्या सरकारी आकडेवारीत एका वडीची सरासरी किंमत ८.६० डॉलर होती, त्या भावाने एकूण १३७.६० डॉलर. त्याआधीच्या वर्षभरात ही किंमत ४६.५ टक्क्यांनी वाढली आणि वर्गणी मात्र आपण तीच ठेवली आहे. घाऊक दुकानात स्वस्त मिळते, परंतु मागच्या दोन्ही खेपांना तिथे फक्त खारे बटर शिल्लक होते. ते चालेल का, हे स्वयंपाक समितीने कळवावे.

प्रेषक: स्वयंपाक समिती, हेंडरसन

खारे बटर चालणार नाही. नैवेद्याला लागणारे तूप मी स्वतः कढवते आणि त्यात मिठाचा अंशही असू नये, असे मला मनापासून वाटते. गेली अकरा वर्षे शिऱ्यात रवा, साखर आणि तूप समप्रमाणात पडले आहे, तेव्हा मापाला हात लावायचा असेल तर आधी माझ्याशी बोलावे. मागच्या वर्षी न विचारता तांदळाची गोणी बदलली आणि भाताचे काय झाले, ते सर्वांनी पाहिले आहे.

प्रेषक: माउंट रॉस्किल

काकू, तुमच्या भावनेचा आदर ठेवून अनुभव सांगते. भाव वाढल्यापासून मी घरी खाऱ्या बटरचेच तूप कढवते. मीठ तुपात विरघळत नाही, ते सगळे बेरीत उतरते. आच मंद ठेवावी, फेस निवेपर्यंत ढवळू नये, शेवटी विड्याचे पान टाकावे आणि मलमलच्या फडक्यातून गाळताना तळ अजिबात हलवू नये. असे तूप माझ्या सासूबाईंनाही वेगळे ओळखता आले नाही. बेरी साखर घालून खाता येत नाही, याचे मुलांना वाईट वाटते खरे, परंतु थालीपिठाच्या पिठात ती घातली की वेगळे मीठ लागत नाही.

प्रेषक: पापाटोएटोए

थालीपिठात बेरी घालण्याची पद्धत आमच्या आईचीही होती, फक्त त्यात ती ओवा जास्त घालायची. मूळ दुखणे मात्र वेगळे आहे. न्यूझीलंडमधील बहुतेक दूधदुभते परदेशी जाते, त्यामुळे जागतिक बाजारात भाव चढला की गोठ्याशेजारी राहणाऱ्यालाही तोच भाव द्यावा लागतो. त्यावर १५ टक्के जीएसटी आहे. मेलबर्नला माझ्या भावाला बटरवर हा कर लागत नाही, कारण तिथे रोजच्या जेवणाचे बहुतेक जिन्नस करातून वगळलेले आहेत. मंडळाने आपल्या खासदारांना याविषयी पत्र लिहावे, अशी माझी सूचना आहे.

प्रेषक: नवीन सदस्य (विद्यार्थी)

पत्र जरूर लिहावे, परंतु माझी अडचण या आठवड्याची आहे. आम्ही चौघे एकत्र राहतो. दुकानात फळीवरची शंभर ग्रॅमची किंमत वाचून पाहतो, तेव्हा मोठे पाकीटच स्वस्त पडते, पण तेवढे पैसे एकदम हातात नसतात. मार्चपासून आम्ही घरात तूप आणलेले नाही. महाप्रसादाच्या वेळी कढवलेल्या तुपातून पाव किलोची बरणी पडत्या किमतीत मिळू शकेल का? कढवायला मदतीला मी येईन.

प्रेषक: स्वयंपाक समिती, हेंडरसन

बाळा, बरणी माझ्या घरून घेऊन जा, पैशांचे नंतर पाहू. मार्चपासून घरात तूप नाही, हे आम्हाला आधी कळायला हवे होते.
मापाबद्दल मी रात्री पुन्हा विचार केला. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या सव्वा किलो रव्याला समप्रमाणच राहील आणि ते तूप बिनमिठाच्या बटरचेच असेल. पंगतीच्या पावणेचार किलो रव्याला निम्मे तूप पुरेल, ते आणि वरण-भातावरचे तूप खाऱ्या बटरचे चालेल. गाळायला मात्र माउंट रॉस्किलच्या ताईंनी स्वतः उभे राहावे.

प्रेषक: कोषाध्यक्ष

काकूंच्या नव्या मापाने सुमारे ४.३७ किलो तूप, म्हणजे अकरा वड्या लागतील: चार बिनमिठाच्या आणि सात खाऱ्या. जून २०२५च्या सरासरी भावाने हा खर्च ९४.६० डॉलर होतो आणि घाऊक दुकानात तो आणखी कमी होईल. बरणीसाठी एक वडी मी माझ्याकडून घालतो. ज्यांना घरासाठी बटर हवे आहे, त्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत प्रकार आणि संख्या कळवावी. जाड बुडाचे मोठे पातेले कोणाकडे आहे, तेही कळवावे, कारण मंडळाचे पातेले शेडमधून अजून परत आलेले नाही.