मोनॅझाइट आपलं, मॅग्नेट चीनचं: किती दिवस?

मिहीर_चाकण:
एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात रेअर अर्थ धातूंच्या (इलेक्ट्रिक मोटारीतल्या मॅग्नेटना यातलेच काही लागतात) निर्यातीला परवान्याची अट घातली आणि काही महिन्यांतच इलेक्ट्रिक चेतक स्कूटरचं उत्पादन बंद पडू शकतं असं बजाजला जाहीर सांगावं लागलं. मूठभर मॅग्नेटपायी! केरळ-ओडिशाच्या वाळूत मोनॅझाइट, म्हणजे रेअर अर्थ असलेलं खनिज, आहे, त्यावर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना अलुव्याला १९५२ मध्येच सुरू झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने मॅग्नेटसाठी ७,२८० कोटी मंजूर केले, पण ती योजना खनिजातून वेगळं केलेलं ऑक्साइड हाती आल्यापासून पुढची. त्याआधीच्या शुद्धीकरणाचं काय? पैसा आधी तिथे ओता.

रेवती:
साफ असहमत. मोनॅझाइटमध्ये किरणोत्सारी थोरियम असतं. मलेशियात बुकित मेराहच्या रेअर अर्थ कारखान्याविरुद्ध थोरियमच्या कचऱ्यावरून लोक कोर्टात गेले, कारखाना १९९४ मध्ये बंद झाला, सफाई पुढे वर्षानुवर्षं चालली. शिवाय आपल्या वाळूत मॅग्नेटचा मुख्य रेअर अर्थ धातू, निओडिमियम, मिळतो. तापलेल्या मोटारीत मॅग्नेट टिकवणारं डिस्प्रोसियम, टर्बियम नगण्य. चीनने अडवलंय ते नेमकं हेच. मग किनाऱ्यावरच्या लोकांनी कशासाठी सोसायचं?

सुहास_केमिस्ट:
रेवतीताई, डिस्प्रोसियमचा मुद्दा बरोबर. पण उद्या त्याचं खनिज बाहेरून आणलं, तरी वेगळं कोण करणार? हे धातू गुणांनी इतके सारखे, की वेगळे करायला आम्लातलं द्रावण आणि केरोसीनमधलं सेंद्रिय द्रव एकत्र घुसळायचं, थर निवळू द्यायचे, पुढच्या टाकीत पुन्हा तेच. अशा शेकडो टाक्या. एकीत आम्लता सरकली की मागच्यापुढच्यांचा तोल जातो. यात हात बसतो तो रोज चालवूनच.

मिहीर, नुसत्या अनुदानाने भागणार नाही. अमेरिकेतल्या माउंटन पास या रेअर अर्थ खाणीचं काम २००२ मध्ये थांबलं ते सांडपाण्याची गळती आणि चीनचा स्वस्त माल, दोन्हींमुळे. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने निओडिमियम-प्रासिओडिमियम या मॅग्नेटच्या धातूंना किलोमागे ११० डॉलर किमान भाव बांधून दिला. आपण भाव बांधला नाही, तर चीनने दर पाडताच इथे टाळं लागेल.

रेवती:
भाव करदात्यांच्या पैशातून बांधणार ना? मग किरणोत्साराची मोजणी दरमहा मल्याळम, ओडियात पंचायतीच्या फलकावर लागू द्या, नमुने गावकऱ्यांसमोर घ्या. हे लेखी मिळेपर्यंत माझा विरोध आहे. तोवर भंगारात जाणाऱ्या जुन्या मोटारींतले मॅग्नेट काढा. त्यात थोरियमची भानगड नाही, आणि तुम्हाला हवं ते डिस्प्रोसियम त्यातच आहे.